अणूंचा हिशेब जुळवणारा बंडखोर

बारावीला रसायनशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला कॅनिझारो हे नाव भेटते ते एका अभिक्रियेच्या रूपाने. ही अभिक्रिया पाठ केली जाते, उत्तरपत्रिकेत उतरवली जाते आणि प्रवेश परीक्षांचा हंगाम सरला की बहुतेकांच्या विस्मरणातही जाते. ती शोधून काढणारा माणूस ऐन विशीत तोफखान्याचा अधिकारी होता, बंडखोरांच्या संसदेत निवडून आलेला प्रतिनिधी होता आणि बावीस वर्षांचा असताना जिवाच्या भीतीने मायभूमी सोडून समुद्रमार्गे पळालेला फरारी होता, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाण्याचे सूत्र एच२ओ असेच का लिहायचे, या प्रश्नावरचा अर्धशतकाचा घोळ ज्याच्या एका पुस्तिकेने संपत आणला, तोही हाच माणूस.

स्तानिस्लाओ कॅनिझारो यांचा जन्म १३ जुलै १८२६ रोजी सिसिली बेटावरील पालेर्मो शहरात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील मारियानो हे न्यायाधीश होते आणि पुढे सिसिलीच्या पोलीस खात्याचे प्रमुख झाले. म्हणजे घर राजनिष्ठ. सिसिली त्या काळी नेपल्सच्या बोर्बन राजांच्या अमलाखाली होती आणि त्या राज्याचा पोलीस खाते हाच कणा होता. आईच्या माहेरची मंडळी मात्र दुसऱ्या टोकाची. त्या घराण्यातील तरुण पुढे गॅरिबाल्डीच्या मोहिमांत उतरले. एकाच घरात राज्यकर्ते आणि बंडखोर असे दोन्ही प्रवाह असल्यावर धाकट्या मुलाने कोणता निवडला, हे यथावकाश दिसलेच.

१८४१ मध्ये पंधराव्या वर्षी त्यांनी पालेर्मो विद्यापीठात वैद्यकशास्त्रासाठी नाव घातले. त्यांचे मन रमले ते शरीरक्रियाविज्ञानात. मज्जातंतूंवरील आपले निरीक्षण त्यांनी १८४५ मध्ये नेपल्स येथे भरलेल्या इटालियन शास्त्रज्ञांच्या संमेलनात मांडले. तिथे भौतिकशास्त्रज्ञ मासेदोनियो मेल्लोनी यांची नजर या एकोणीस वर्षांच्या तरुणावर पडली. शरीरातील क्रिया समजून घ्यायच्या तर आधी रसायनशास्त्र पक्के हवे, असे कॅनिझारो यांना वाटू लागले होते आणि पालेर्मोत प्रयोग करण्याची सोय नव्हती. मेल्लोनी यांच्या ओळखीने ते पिसा येथे राफाएले पिरिया यांच्याकडे गेले. वैद्यकाची पदवी राहिली ती राहिलीच.

पिरिया हे नाव आज फारसे कुणी घेत नाही, पण घ्यायला हवे. विलो झाडाच्या सालीतील सॅलिसिन या द्रव्यापासून १८३८ मध्ये त्यांनी सॅलिसिलिक आम्ल तयार केले. घरोघरी पोहोचलेल्या अ‍ॅस्पिरिनचा तो पूर्वज. त्यांच्या प्रयोगशाळेत कॅनिझारो यांनी १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षे सहायक म्हणून काढली. व्याख्यानासाठी रोजचे प्रयोग मांडून ठेवायचे, उपकरणे लावायची आणि उरलेल्या वेळात गुरूच्या हाताखाली संशोधन करायचे, असा तो शिरस्ता होता. सेंद्रिय रसायनशास्त्राचे बाळकडू त्यांना तिथेच मिळाले. गुरू-शिष्यांत आणखीही एक साम्य होते. १८४८ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पेटले तेव्हा पिरियाही पिसाच्या विद्यार्थ्यांच्या तुकडीबरोबर रणांगणावर गेले. प्रयोगशाळा आणि देश यांत निवड करायची वेळ आल्यावर त्या पिढीने काय केले, याचा तो नमुना होता.

तोफखान्यातून पॅरिसला

१८४७ च्या उन्हाळ्यात सुट्टीसाठी कॅनिझारो घरी आले. पुन्हा पिसाला जाण्याचा त्यांचा बेत होता. पण १२ जानेवारी १८४८ रोजी, नेमक्या राजा दुसऱ्या फर्डिनांडच्या वाढदिवशी, पालेर्मोत उठाव झाला. त्या वर्षी युरोपभर क्रांतीचा जो वणवा पेटला त्याची पहिली ठिणगी ही होती. पोलीसप्रमुखाचा मुलगा बंडखोरांना जाऊन मिळाला. त्यांना मेस्सिना येथे तोफखान्यात अधिकारी नेमण्यात आले. फ्रांकाविल्ला मतदारसंघातून ते नव्या सिसिलियन संसदेवर निवडून आले आणि कनिष्ठ सभागृहाचे चिटणीसही झाले. एप्रिलमध्ये या संसदेने बोर्बन राजघराणे पदच्युत झाल्याचे जाहीर केले.

राजाने उत्तर दिले ते तोफांनी. सप्टेंबरमध्ये मेस्सिनावर इतका भडिमार झाला की फर्डिनांडला युरोपभर बाँब राजा असे टोपणनाव पडले. शहर पडल्यावर सरकारने कॅनिझारो यांना ताओर्मिना येथे विखुरलेले सैन्य गोळा करण्यासाठी धाडले. त्या प्रयत्नातून फार काही निष्पन्न होण्यासारखे नव्हते. १८४९ च्या वसंतात बंड संपले. उरलेल्या नेत्यांपैकी काहींबरोबर कॅनिझारो एका युद्धनौकेवर चढले आणि मार्सेलला उतरले. हाती लागले असते तर मृत्युदंड ठरलेलाच होता. सिसिलीचे पुन्हा दर्शन घडायला त्यानंतर अकरा वर्षे जावी लागली.

निर्वासितांच्या हकिगती बहुधा कडवटपणाने भरलेल्या असतात. कॅनिझारो यांनी कडवटपणाला फारशी जागा ठेवली नाही. मार्सेलहून लिऑं आणि तिथून त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिस, अशा प्रवासात त्यांनी वाटेतले कारखाने पाहिले आणि पुन्हा रसायनशास्त्राची पुस्तके उघडली. पॅरिसमध्ये त्यांना मिशेल शेव्रल यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. चरबी आणि साबण यांचे रसायन उलगडणारे हेच ते शेव्रल. तिथे स्तानिस्लास क्लोएझ या सहकाऱ्याबरोबर कॅनिझारो यांनी १८५१ मध्ये सायनोजेन क्लोराइडवर अमोनियाची क्रिया करून सायनामाइड हे संयुग तयार केले. याच कुळातील कॅल्शियम सायनामाइड पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी शेतांत नत्रखत म्हणून पडू लागले.

कडू बदामांचे तेल

त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीतून बोलावणे आले, पण ते सिसिलीतून नव्हे. पीडमाँट हे इटलीतील एकमेव राज्य होते जिथे १८४८ ची घटना टिकून होती आणि देशोदेशीच्या, म्हणजे तेव्हाच्या इटलीतील निरनिराळ्या राज्यांच्या, निर्वासितांना तिथे आसरा मिळत होता. तेथील अलेस्सांद्रिया या गावच्या राष्ट्रीय महाविद्यालयात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवण्याची नोकरी त्यांना मिळाली. पॅरिसच्या मानाने हे गाव म्हणजे आडगावच. एक छोटी प्रयोगशाळा मात्र उभी करता आली आणि तेवढ्या भांडवलावर १८५३ मध्ये त्यांनी नाव अजरामर करणारा शोध लावला.

कडू बदामांच्या तेलाला जो परिचित वास असतो तो बेंझाल्डिहाइड या द्रव्याचा. कॅनिझारो यांनी त्याच्यावर अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या पोटॅशची क्रिया केली. बेंझाल्डिहाइड नाहीसे झाले आणि त्याच्या जागी दोन पदार्थ मिळाले. एक बेंझॉइक आम्ल, जे रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होते. दुसरा पदार्थ नवा होता. तो बेंझिल अल्कोहोल. बेंझाल्डिहाइडच्या दोन रेणूंपैकी एकाचे ऑक्सिडीकरण होऊन त्याचे आम्ल होते आणि दुसऱ्याचे क्षपण होऊन त्याचा अल्कोहोल होतो. बाहेरून ना ऑक्सिजन द्यावा लागतो ना हायड्रोजन. एकच पदार्थ स्वतःशीच देवाणघेवाण करतो. सख्ख्या भावांत वाटणी व्हावी आणि एकाच्या पदरी जमीन, दुसऱ्याच्या पदरी घर पडावे, तसा हा प्रकार आहे. ज्या अल्डिहाइडांत शेजारच्या कार्बनवर हायड्रोजनचा अणू नसतो त्यांच्याच बाबतीत ही क्रिया सरळपणे घडते, हे नंतर स्पष्ट झाले.

बेंझिल अल्कोहोल जाईच्या सुगंधी तेलातही असतो आणि एकाहून अधिक वेळा वापरायच्या इंजेक्शनच्या कुप्यांत जंतुनाशक परिरक्षक म्हणूनही घातला जातो. रंगांच्या कारखान्यांत लागणारे पेंटाएरिथ्रिटॉल बनवताना शेवटची पायरी याच अभिक्रियेच्या जातकुळीची असते. आडगावातल्या त्या प्रयोगशाळेला याची कल्पना असणे शक्य नव्हते.

१८५५ मध्ये त्यांची जिनोव्हा विद्यापीठात प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. ही बढती म्हणायची, पण प्रयोग करायला तिथे धड प्रयोगशाळा नव्हती. ती मिळायला वर्ष उलटावे लागले. १८५७ मध्ये फ्लॉरेन्स येथे हेन्रिएटा विदर्स या इंग्रज धर्मोपदेशकाच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. हाताशी उपकरणे नसलेला प्राध्यापक काय करणार? तो शिकवणार. कॅनिझारो यांनी शिकवण्याकडे इतके बारकाईने लक्ष दिले की त्यातून त्यांच्या हयातीतील सर्वांत मोठे काम उभे राहिले.

एका पाण्याची दोन सूत्रे

हे काम किती मोलाचे होते हे कळण्यासाठी त्या वेळचा गोंधळ पाहायला हवा. डाल्टनचा अणुसिद्धांत येऊन पन्नास वर्षे लोटली होती. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू असतात आणि त्यांना ठरावीक वजन असते, हे बहुतेकांना मान्य होते. पण ते वजन किती, यावर एकमत नव्हते. पाण्यात हायड्रोजनच्या एका भारास ऑक्सिजनचे आठ भार असतात, हे तराजू सांगतो. मात्र पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे अणू किती हे तराजू सांगत नाही. एक मानला तर ऑक्सिजनचा अणुभार ८ येतो. दोन मानले तर १६. काही जण ८ धरत, काही १६. कार्बनचा कुणी ६ घेई, कुणी १२. प्रत्येक प्रयोगशाळेचे, जवळपास प्रत्येक प्राध्यापकाचे सूत्रलेखन वेगळे. केकुले यांच्या १८६१ च्या पाठ्यपुस्तकात, आपण ज्याला व्हिनेगार म्हणतो त्यातील साध्या अ‍ॅसेटिक आम्लाची, निरनिराळ्या लोकांनी वापरलेली १९ सूत्रे दिलेली आहेत. गावागावांत शेर आणि पायली वेगळी असावी आणि बाजारात प्रत्येकाने आपलेच माप खरे म्हणावे, अशी ही अवस्था होती. अनेक नामवंतांनी तर अणूंचा नाद सोडून केवळ तराजू सांगेल तेवढेच लिहायचे, असे ठरवून टाकले होते.

गंमत अशी की या कुलपाची किल्ली १८११ पासून पडून होती. तुरीनचे अमेदेओ अ‍ॅव्होगॅड्रो यांनी तेव्हा असे गृहीतक मांडले होते की, समान तापमान आणि समान दाब असताना वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. हे मानले तर वायूंची घनता मोजून रेणूंचे सापेक्ष वजन थेट काढता येते. पण त्यासाठी हायड्रोजन वा ऑक्सिजन यांचे रेणू प्रत्येकी दोन अणूंचे असतात हे मानावे लागे. त्या काळातील रसायनशास्त्राचे अनभिषिक्त सम्राट बर्झेलियस यांच्या मते अणू विरुद्ध विद्युतभारांमुळे एकत्र येतात. मग एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना चिकटतीलच कसे? फ्रान्समध्ये द्यूमा यांनी वाफेची घनता मोजून पाहिली, तर पारा, गंधक आणि फॉस्फरस यांचे आकडे विचित्र आले. गृहीतकच चुकीचे, असे म्हणून ते बाजूला सारले गेले. अ‍ॅव्होगॅड्रो १८५६ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या या विचाराला मान्यता मिळालेली नव्हती.

कॅनिझारो यांनी मार्च १८५८ मध्ये पिसा येथील प्राध्यापक सेबास्तियानो दे लुका यांना एक दीर्घ पत्र लिहिले. आपण जिनोव्हात विद्यार्थ्यांना रसायनशास्त्राचे तत्त्वज्ञान कोणत्या क्रमाने शिकवतो, याचा तो गोषवारा होता. तो त्याच वर्षी नुओव्हो चिमेंतो या नियतकालिकात छापून आला आणि पुढे पुस्तिकेच्या रूपाने निघाला. त्यात नवा प्रयोग नाही, नवे संयुग नाही, खरे तर नवे गृहीतकही नाही. आहे ती एक पद्धत, आणि ती इतकी सरळ की आधी कुणाला का सुचली नाही असे वाटावे.

समजा, बंद थैल्यांत नाणी भरलेली आहेत. थैली उघडून एकेक नाणे मोजता येत नाही, फक्त प्रत्येक थैलीत चांदी किती वजनाची आहे तेवढे कळते. शंभर थैल्या तपासल्या आणि चांदीचे वजन कधी १६, कधी ३२, कधी ४८ असेच आले, १६ च्या खाली कधीच गेले नाही आणि मधला कुठलाही आकडा आला नाही, तर चांदीचे एक नाणे १६ वजनाचे आहे हे सांगायला थैली उघडायची गरज नाही. कॅनिझारो यांनी नेमके हेच केले. हायड्रोजन वायूचा रेणुभार २ धरून त्यांनी इतर वायू आणि वाफा यांचे रेणुभार मांडले. पाण्याची वाफ १८. तीत ऑक्सिजन १६. कार्बन मोनॉक्साइड २८; त्यात ऑक्सिजन १६ आणि कार्बन १२. कार्बन डायॉक्साइड ४४. त्यात ऑक्सिजन ३२ आणि कार्बन पुन्हा १२. ईथर ७४, त्यात कार्बन ४८, म्हणजे १२ चौक. ऑक्सिजनचा वाटा १६ हून कमी कोणत्याही रेणूत सापडला नाही, कार्बनचा १२ हून कमी सापडला नाही. तेच त्यांचे अणुभार. कोष्टकामागून कोष्टक देत त्यांनी विद्यार्थ्याला स्वतःच निष्कर्षापर्यंत नेऊन सोडले.

राहिली द्यूमांची अडचण. तीही त्यांनी सोडवली. प्रत्येक मूलद्रव्याचा रेणू दोन अणूंचाच असला पाहिजे हा आग्रह कुणी धरला? पाऱ्याच्या वाफेचा रेणू एका अणूचा आहे, फॉस्फरसचा चार अणूंचा. आकडे चुकीचे नव्हतेच. त्यांच्याकडे पाहणाऱ्यांची अपेक्षा चुकली होती. नवसागराच्या वाफेची घनता निम्मी भरते, कारण तापवल्यावर तो फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात, हा खुलासाही त्याच सुमारास कॅनिझारो आणि अन्य एकदोघांनी स्वतंत्रपणे दिला. ज्या धातूंची संयुगे सहजी वाफ होत नाहीत त्यांच्यासाठी विशिष्ट उष्म्याचा पडताळा वापरला. आणि या सगळ्याचे श्रेय? ते त्यांनी प्रत्येक पायरीवर अ‍ॅव्होगॅड्रो यांना दिले. शास्त्राच्या इतिहासात दुसऱ्याच्या विस्मृत कामाला आपले नाव चिकटवण्याचे दाखले कमी नाहीत. इथे नेमके उलट घडले, आणि आज शाळकरी मुलांना अ‍ॅव्होगॅड्रो यांचे नाव ठाऊक आहे ते बव्हंशी यामुळेच.

कार्ल्सरूहची परिषद

पुस्तिका इटालियन भाषेत होती. जर्मन, फ्रेंच आणि इंग्रज रसायनशास्त्रज्ञांपैकी ती वाचणार कोण? दोन वर्षे ती जवळपास दुर्लक्षितच राहिली.

१८६० हे साल कॅनिझारो यांच्यासाठी विलक्षण ठरले. ११ मे रोजी गॅरिबाल्डीचे लाल सदरेवाले सिसिलीत मार्साला येथे उतरले आणि महिन्याभरात पालेर्मो त्यांच्या हाती आले. अकरा वर्षांपूर्वी फसलेले बंड आता यशस्वी होत होते. कॅनिझारो उन्हाळ्यात पालेर्मोला पोहोचले. लढण्याची गरज उरली नव्हती. नव्या राज्यव्यवस्थेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या मंडळावर त्यांना घेण्यात आले. तिथून ते निघाले ते थेट जर्मनीतील कार्ल्सरूहला.

केकुले, वुर्ट्‌झ आणि वेल्टझिन यांच्या पुढाकाराने ३ सप्टेंबर १८६० पासून तीन दिवस तिथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. जगातील ही या प्रकारची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद मानली जाते. बाडेनच्या विधिमंडळाच्या सभागृहात सव्वाशेहून अधिक शास्त्रज्ञ जमले होते. अणू कशाला म्हणायचे, रेणू कशाला म्हणायचे आणि सूत्रे कशी लिहायची, यावर एकमत घडवणे हा हेतू होता. तिसऱ्या दिवशी अध्यक्षस्थानी द्यूमा होते. सेंद्रिय आणि असेंद्रिय रसायनशास्त्र यांची दालने वेगळी ठेवावीत, असा त्यांचा कल होता. बर्झेलियस यांच्या जुन्या सूत्रपद्धतीकडे परतण्याचाही प्रस्ताव समोर आला. त्यावर कॅनिझारो बोलायला उभे राहिले आणि बराच वेळ बोलले. रसायनशास्त्र एकच आहे, त्याचे अणू दोन ठिकाणी दोन वजनांचे असू शकत नाहीत, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. तोफखान्यातील जुन्या अधिकाऱ्याची ती खरी लढाई होती.

परिषदेने निर्णय काय घेतला? काहीच नाही. शास्त्रीय प्रश्न मतदानाने सुटत नाहीत असे म्हणून ज्याला जी पद्धत हवी ती त्याने वापरावी, यावर मंडळी पांगली. मात्र निघता निघता कॅनिझारो यांचे मित्र आंजेलो पावेसी यांनी त्या पुस्तिकेच्या प्रती उपस्थितांना वाटल्या. परिषदांमधून वाटली जाणारी कागदपत्रे सहसा हॉटेलच्या खोलीत राहून जातात. त्यातली एक प्रत मात्र लोथार मायर या तरुण जर्मन शास्त्रज्ञाच्या खिशात गेली. परतीच्या वाटेवर त्याने ती वाचली, घरी गेल्यावर पुन्हा वाचली आणि त्याच्या मनातील शंका फिटल्या. १८६४ मध्ये आलेल्या त्याच्या ग्रंथाने जर्मनीतील नव्या पिढीला हे अणुभार दिले. सभागृहात सव्वीस वर्षांचा एक रशियन तरुणही बसला होता. हायडेलबर्गला शिकायला आलेल्या दिमित्री मेंडेलीव्हने परिषदेचा वृत्तांत मायदेशी लिहून कळवला, तो तिकडे छापूनही आला. नऊ वर्षांनी त्याने मूलद्रव्ये अणुभारांच्या चढत्या क्रमाने मांडली आणि आवर्तसारणी जन्माला आली. कार्बन ६ आणि ऑक्सिजन ८ धरून ती मांडली असती तर त्या क्रमातून काहीच दिसले नसते. याची जाणीव मेंडेलीव्ह यांना होती आणि कॅनिझारो यांचे ऋण त्यांनी उघडपणे मानले.

अर्थात सगळे जग एका रात्रीत बदलले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. फ्रान्समध्ये बर्थेलो यांच्यासारखा मातब्बर शास्त्रज्ञ पुढे तीस वर्षे जुन्याच पद्धतीने सूत्रे लिहीत राहिला आणि त्याच्या वजनामुळे फ्रेंच शाळांतही तेच चालले.

पालेर्मो ते रोम

१८६१ मध्ये कॅनिझारो प्राध्यापक म्हणून पालेर्मोला परतले. इटली आता एक राष्ट्र झाले होते. पुढली दहा वर्षे त्यांनी त्या शहरात रसायनशास्त्राची शाळा उभी करण्यात घालवली. व्हिएन्नाचे अडॉल्फ लीबेन, केकुले यांचे शिष्य विल्हेल्म कर्नर अशी मंडळी युरोपच्या दक्षिण टोकावरील या प्रयोगशाळेत येऊन राहिली. बेंझिनच्या कड्यावर कोणता गट कोणत्या जागी बसला आहे हे ओळखण्याची कर्नर यांची पद्धत १८६९ मध्ये पालेर्मोतूनच प्रसिद्ध झाली. स्थानिक विद्यार्थी एमानुएले पातेर्नो पुढे नामवंत झाले. कॅनिझारो स्वतः प्रामुख्याने बेंझिल अल्कोहोलच्या कुळातील संयुगांवर काम करीत होते. पण बाहेरचा व्याप वाढत होता. ते अकरा वर्षांचे असताना पालेर्मोत कॉलऱ्याने थैमान घातले होते; १८६७ मध्ये ती साथ पुन्हा आली तेव्हा शहराच्या आरोग्याची जबाबदारी त्यांनी शिरावर घेतली. इटलीतील रसायनशास्त्रज्ञांचे शोधनिबंध आपल्याच भाषेत एका ठिकाणी यावेत म्हणून १८७१ मध्ये गाझेत्ता किमिका इतालियाना हे नियतकालिक पालेर्मोतून सुरू झाले, त्यामागेही तेच होते.

रोम राजधानी झाल्यावर १८७१ मध्ये त्यांना तिथल्या विद्यापीठात बोलावण्यात आले आणि त्याच वर्षी ते सिनेटचे सदस्य झाले; पुढे सिनेटचे उपाध्यक्षही. विया पानिस्पेर्ना या रस्त्यावरील एका जुन्या मठाच्या जागेत त्यांनी रसायनशास्त्राची संस्था उभारली. (याच रस्त्यावरील भौतिकशास्त्राच्या संस्थेत १९३४ मध्ये एन्रिको फर्मी यांनी मंदगती न्यूट्रॉनचे प्रयोग केले.) सार्वजनिक आरोग्याचे कायदे, जकात खात्याच्या रासायनिक प्रयोगशाळा, शिक्षणाची समिती, अशी कामे त्यांच्याकडे येत राहिली आणि ती त्यांनी नाकारली नाहीत. राष्ट्र नवे होते, माणसे थोडी होती, हे खरे. पण चाळिशीनंतर या बुद्धिमत्तेकडून शास्त्राला आणखी किती मिळाले असते, हा प्रश्न त्यांचे चरित्र वाचताना मनात येतोच. संसदेने जे मिळवले ते प्रयोगशाळेने गमावले.

तरीही एक विषय त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. आपल्याकडे जंतांवर किरमाणी ओवा देण्याची चाल आहे. त्याच वनस्पतीच्या कुळातील कळ्यांतून सँटोनिन नावाचे द्रव्य मिळते आणि युरोपातील औषधविक्रेते ते लहान मुलांच्या जंतांसाठी विकत असत. त्याच्या रेणूची घडण कशी, हे १८७३ पासून कॅनिझारो आणि त्यांचे विद्यार्थी दोन-तीन दशके शोधत होते. त्याचा सांगाडा नॅप्थलीनचा आहे इथपर्यंत ते पोहोचले. सूर्यप्रकाशात ठेवले की सँटोनिन पिवळे पडते आणि त्यातून निराळीच आम्ले तयार होतात, हेही त्यांच्या गटाने अभ्यासले. पूर्ण रचना उलगडायला मात्र १९२९-३० साल उजाडावे लागले आणि ते काम इंग्लंडमध्ये झाले. रोमच्या प्रयोगशाळेत सहायक असलेले जाकोमो च्यामिचान यांनी प्रकाशाचा हा धागा पुढे बोलोन्यात उचलला. दगडी कोळशाऐवजी सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या उद्योगांचे चित्र त्यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्याख्यानात रंगवले.

सन्मान उशिरा का होईना, येत गेले. १८७२ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीने फॅरेडे व्याख्यानासाठी त्यांना पाचारण केले. आपले बोलणे त्यांनी रसायनशास्त्र शिकवावे कसे, याच विषयावर केंद्रित केले. १८९१ मध्ये रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले. १९०६ मध्ये उपयोजित रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद रोममध्ये भरली तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते आणि देशोदेशीचे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्याभोवती जमले. त्यानंतरही ते वर्गावर जात. कार्ल्सरूहला बोलणाऱ्या माणसाकडून अणुभारांची ती कोष्टके ऐकण्याचे भाग्य नव्या शतकातील विद्यार्थ्यांनाही लाभले.

१० मे १९१० रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९२६ मध्ये, त्यांचे पार्थिव रोमहून पालेर्मोला आणून सान दोमेनिको चर्चमध्ये ठेवण्यात आले. सिसिलीच्या थोर पुरुषांची समाधिस्थाने तिथे आहेत. त्यांतलेच एक रुज्जेरो सेत्तिमो यांचे. १८४८ मध्ये एकवीस वर्षांचे कॅनिझारो ज्या बंडखोर सरकारच्या तोफखान्यात भरती झाले होते, त्या सरकारचे ते प्रमुख होते.